तांडा, कारवान आणि पाऊस

प्रवासास निघताना घराला कुलूप लावावयाचे आणि परत आल्यावर ते काढावयाचे, हा आपणा गृहस्थांचा परिपाठ. परंतु घरच बरोबर घेऊन निघणारी माणसेही जगात फार पूर्वीपासून आहेत. फ्रान्स देशात आज ही हौस फार मोठी आहे. निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेली मोटार घ्यावयाची, ब्रिटनीच्या समुद्रकाठापासून प्रोव्हान्सच्या द्राक्षमळ्यांपर्यंत खेडोपाडी हिंडावयाचे, आणि मन रमेल तेथे मुक्काम करावयाचा, असा हा प्रवास. त्यातली मोठी गंमत आणि मोठी अडचण एकच, ती म्हणजे तिकडचे हवामान. सकाळी ऊन, दुपारी सोसाट्याचा वारा आणि संध्याकाळी पाऊस, असे एकाच दिवशी घडते.

बोरी अरबच्या श्रोत्यांना ह्या फ्रेंच मोटारीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्तच होय. त्याचे उत्तर असे की, आपल्या दारव्हा, दिग्रस, पुसद, मानोरा ह्या टापूत बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. ह्या समाजाचे पूर्वज शतकानुशतके बैलांच्या पाठीवर संसार घालून हिंडले, आणि त्यांच्या तांड्यांचे सतराव्या शतकातले एक उत्तम वर्णन लिहिणारा माणूस फ्रेंच होता. तांड्याला त्याने 'काराव्हान' म्हटले. हा शब्द मुळात फारसी, 'कारवान'. पुढे फ्रेंचांनी तोच शब्द मोटारीच्या मागे जोडून ओढावयाच्या चाकांच्या घराला लावला. तेव्हा आपला तांडा आणि फ्रेंचांचे फिरते घर ही शब्दाच्या नात्याने तरी चुलत भावंडे ठरतात. हे नाते शब्दापुरतेच आहे की त्याहून खोल आहे, हे आज आपण पाहू.

प्रथम पावसाचा विचार करू, कारण घर घेऊन फिरणाऱ्याचा खरा धनी पाऊस. यवतमाळकडे वर्षाकाठी सुमारे ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत उरकतो. पॅरिस शहरी वर्षाचा पाऊस साधारण ६४० मिलिमीटर, म्हणजे आपल्याहून पुष्कळ कमी. पण तो वर्षातल्या सुमारे ११० दिवसांवर वाटलेला असतो, आणि कोणताही महिना कोरडा म्हणून सांगता येत नाही. अटलांटिक महासागरावरून पश्चिमेचे वारे ढग आणीत राहतात. दक्षिणेस रोन नदीच्या खोऱ्यात 'मिस्त्राल' नावाचा थंड वारा सुटला की उंच गाडी चालविणे कठीण होते. उन्हाळ्यात गडगडाटासह गारा पडतात. १३ जुलै १७८८ रोजी फ्रान्सच्या मोठ्या पट्ट्यात अशी गारपीट झाली की उभी पिके झोपली आणि पुढच्या वर्षी धान्य महागले. त्या पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती झाली. क्रांतीची कारणे अनेक होती हे खरे. पण रिकाम्या कणग्या हे त्यांतले एक कारण होतेच.

आपला पाऊस लहरी असला तरी त्याला घर माहीत आहे. मृगात येतो, हस्तात जातो. अवकाळीचा तडाखा आपल्यालाही चुकत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेली गारपीट येथील शेतकरी विसरलेला नाही. तरीसुद्धा चार महिने पावसाचे आणि आठ महिने वाटचालीचे, ही वाटणी आपल्याकडे पक्की होती. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास, संन्याशांचा चातुर्मास, मराठ्यांच्या फौजांचे दसऱ्याचे सीमोल्लंघन, हे सारे त्याच वाटणीतून आलेले रिवाज आहेत. त्यांना आज आपण धर्माचे रूप दिले असले तरी त्यांच्या तळाशी काळ्या मातीचा चिखल आहे. आपली रेगूर जमीन पाणी प्यायली की फुगते, आणि भरलेली गाडी आसापर्यंत रुतते. अडाण नदीला पूर असताना पलीकडच्या तीरावर काय चालले आहे ह्याची चौकशी करण्यातही पूर्वी अर्थ नसे.

आता त्या फ्रेंच प्रवाशाकडे वळू. त्याचे नाव जाँ-बातिस्त ताव्हेर्निये. जन्म १६०५, धंदा रत्नांचा. १६३१ ते १६६८ ह्या काळात त्याने पूर्वेकडे सहा सफरी केल्या, आणि १६७६ साली त्यांचे वृत्तान्त छापून प्रसिद्ध केले. सुरतेहून औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या बाजूने गोवळकोंड्यास जाणारा मार्ग त्याच्या पायाखालचा होता. तो मार्ग आपल्या बोरीवरून जात नसला तरी मुलूख तोच, माती तीच आणि बैलही तेच.

ताव्हेर्निये घोड्यावरून हिंडत नसे. त्याने बैलांचा छकडा केला होता. हे छकडे हलके व लहान असत, आत दोन माणसे मावत, पण ऐसपैस जाता यावे म्हणून बहुधा एकच जण बसे आणि बरोबर कपडेलत्ते व खाण्यापिण्याचे सामान घेई. एका बैलजोडीला आपण ६०० रुपयांच्या आसपास मोजले, असे तो लिहितो. सुरतेहून आग्र्यास पोहोचावयास पस्तीस ते चाळीस दिवस लागत आणि साऱ्या प्रवासाचे भाडे चाळीस ते पंचेचाळीस रुपये पडे. गोवळकोंड्याचे अंतर व भाडेही जवळपास तितकेच. बैलांना गव्हाच्या पिठात लोणी आणि गूळ मळून गोळे चारीत, हेही त्याने टिपले आहे. एक सूचना तर मोठ्या अनुभवाची आहे. बैल निवडताना शिंगे एक फुटाहून लांब नाहीत हे पाहावे, असे तो सांगतो. कारण माशा चावू लागल्या की बैल मान मागे झटकतो आणि शिंग प्रवाशाच्या पोटात बसते. आजचा फ्रेंच प्रवासी मोटार निवडताना चाके आणि पाण्याची टाकी पाहतो, ताव्हेर्निये शिंगे पाही, एवढाच फरक.

ह्या वाटेवर त्याला तांडे भेटत. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचा तांडा धान्य, तांदूळ किंवा मीठ घेऊन चाललेला पाहणे हे नवलच आहे, असे तो म्हणतो. अरुंद वाटेत समोरून असा तांडा आला की गाड्यांना दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावे लागे. तांड्यातील लोकांना तो 'मनारी' म्हणतो. त्यांचे चार गट त्याने सांगितले आहेत: एक गहू वगैरे धान्य वाहणारा, एक तांदूळ वाहणारा, एक डाळी वाहणारा आणि एक मीठ वाहणारा. हे लोक घरात राहत नाहीत, बायकामुलांसह पालांत राहतात, आणि प्रत्येक तांड्याचा नायक राजासारखा गळ्यात मोत्यांची माळ घालतो, असे त्याचे वर्णन आहे. दोन तांड्यांत वाटेवरून मारामाऱ्या होत. तेव्हा त्यामुळे व्यापाराचे आणि अन्नधान्याच्या वाहतुकीचे नुकसान होते हे जाणून मोगल बादशहाने नायकांना बोलावून घेतले, सलोख्याने राहण्यास सांगितले आणि प्रत्येकाला एक लाख रुपये व मोत्यांची माळ दिली, अशी हकीकतही तो देतो.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. बादशहा दिल्लीचा, आणि तो पालात राहणाऱ्या माणसाचा सन्मान करतो. हे कशासाठी? फौजेच्या पोटासाठी. तांडा चालला नाही तर फौज उपाशी राहील, हे त्याला ठाऊक होते. १६३० च्या सुमारास आसफखान दक्षिणेत आला तेव्हा भंगी व जंगी ह्या नायकांचे एक लाख ऐंशी हजार बैल त्याच्या सैन्यामागे होते, आणि त्यांना ताम्रपट मिळाला, अशी बंजारा समाजाची परंपरा सांगते. त्या ताम्रपटात कोणते हक्क होते? दिवसाकाठी तीन हत्यांची माफी हा भाग ऐकणाऱ्याच्या चटकन ध्यानात राहतो. परंतु त्याच्या जोडीचे दोन हक्क आमच्या मते अधिक महत्त्वाचे. वाटेवरच्या गावात रांजणातले पाणी घेण्याचा एक आणि छपराचे गवत घेण्याचा दुसरा. पाणी आणि गवत, म्हणजेच मुक्कामाचा हक्क. आकड्यांबद्दल वाद असू शकेल. पण घर घेऊन फिरणाऱ्याला सर्वांत मोलाचे काय वाटते, हे ह्या परंपरेने अचूक सांगितले आहे.

तांड्याने गाडी न करता बैलाची पाठच का पत्करली, ह्याचे उत्तरही आपल्या जमिनीत आहे. गाडीला वाट लागते, बैलाला पायवाट पुरते. घाट, नाले, काळी रेगूर, कुठेही गोणी लादलेला बैल पाय काढून जातो. मात्र आभाळ भरून आले की त्याचाही निरुपाय. मीठ विरघळते, धान्याला मोड येतात, गोण्या भिजून दुप्पट जड होतात. म्हणून पावसाळ्यात तांडे गवताच्या माळावर, रानाच्या कडेला उतरत, जनावरांना चारीत आणि उघाडी होईपर्यंत राहत. कधी थांबावयाचे आणि कधी उठावयाचे हे नायक ठरवी. त्याचे नायकपण लढाईत दिसे त्याहून अधिक ह्या निर्णयात दिसे, असे म्हणावयास हरकत नाही. १८०३ साली आर्थर वेलस्लीने अडगाव आणि गाविलगड येथे लढाया केल्या, त्याच्या सैन्याचे धान्यही ह्याच लोकांनी वाहिले.

मग हे सारे मोडले कशाने? पहिला घाव लोहमार्गाचा. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोहोचला. आगगाडीला पावसाची तमा नव्हती, आणि हजारो बैलांचे ओझे ती एका दिवसात नेई. पुढे आपल्याच दारव्ह्यावरून यवतमाळ-मूर्तिजापूर अशी अरुंद मापाची गाडी कापसासाठी धावू लागली. तिला लोकांनी प्रेमाने शकुंतला म्हटले. आज तीही बंद आहे. तांड्याचे बैल उभे राहिले, गोण्या रिकाम्या झाल्या. काहींनी गुरांचा व्यापार धरला, काहींनी लाकूडफाटा विकला, पुष्कळांनी शेतमजुरी पत्करली.

दुसरा घाव कायद्याचा, आणि तो अधिक खोल गेला. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेकडे लागू झाला, मग त्याची कक्षा वाढत गेली. कायद्यामागची समजूत अशी की, ज्याचा ठावठिकाणा नाही तो संशयित. गुन्हा केल्यावर शिक्षा ही एक गोष्ट आणि जन्मल्याबरोबर नोंद ही दुसरी. ज्या जमातींवर हा शिक्का पडला त्यांना हजेरी आली, परवाना आला, आणि गावाबाहेर मुक्काम पडला की पोलीस पाटलाची फेरी आली. वऱ्हाडच्या बंजाऱ्यांवर इंग्रजीत जे पहिले विस्तृत टिपण झाले ते कंबरलेज नावाच्या वऱ्हाड पोलिसांतील अधिकाऱ्याने लिहिले, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे. दोनशे वर्षांपूर्वी त्यांचे वर्णन एक व्यापारी कौतुकाने करीत होता. आता ते काम पोलिसांकडे आले होते. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्याचा अंमल संपला, आणि म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना विमुक्त जातींत होते.

हे केवळ गुलाम देशातच घडले असे कोणी समजू नये. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी जगाला देणाऱ्या फ्रान्समध्ये काय झाले ते पाहा. तिकडेही घोड्याच्या गाडीत घर थाटून फिरणारे लोक होते. टोपल्या विणणारे, भांडी दुरुस्त करणारे, घोड्यांचा व्यापार करणारे, वाद्ये वाजविणारे. १६ जुलै १९१२ रोजी फ्रेंच सरकारने कायदा करून ह्या फिरस्त्यांना एक वही बाळगण्याची सक्ती केली. तीत छायाचित्र, बोटांचे ठसे आणि शरीराची मापे असत. तेरा वर्षांवरील प्रत्येकाला ही वही लागे, आणि गावात येताना व गाव सोडताना तीवर शिक्का घ्यावा लागे.

आणि त्याच रस्त्यांवरून, त्याच काळात, दुसरेही एक फिरते घर चालले होते. रेमाँ रूसेल नावाच्या धनाढ्य फ्रेंच लेखकाने १९२५ च्या सुमारास सुमारे नऊ मीटर लांबीची मोटार बांधून घेतली. तीत दिवाणखाना होता, शय्यागृह होते, स्नानगृह होते. १९२६ साली तो ती घेऊन रोमपर्यंत गेला. वर्तमानपत्रांनी ह्या चाकांवरच्या वाड्याचे कौतुक केले. ह्या गृहस्थाच्या बोटांचे ठसे गावोगाव कोणी मागितले नाहीत. घर दोघांचेही चाकांवर होते. मग भेद कशात होता? मागे दगडविटांचे दुसरे घर आहे की नाही, ह्यात. ज्याला परत जावयास घर आहे तो हौशी प्रवासी, आणि ज्याचे तेवढेच घर आहे तो भटक्या.

१९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि सामान्य माणूसही तंबू घेऊन, पुढे चाकांचे घर घेऊन हिंडू लागला. ही प्रगती मोठीच. परंतु चारच वर्षांनी, ६ एप्रिल १९४०च्या हुकुमाने, फिरस्त्यांना हिंडण्याची बंदी झाली, आणि त्यांतील हजारोंना कुटुंबांसह छावण्यांत कोंडण्यात आले. युद्ध संपल्यावरही काही जण १९४६ पर्यंत सुटले नाहीत. ह्या अन्यायात फ्रेंच राज्याचा वाटा होता, असे राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे कबूल केले ते २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, माँत्रय-बेले येथील जुन्या छावणीच्या जागी. १९१२ ची वही १९६९ साली गेली. तिच्या जागी आलेली कागदपत्रे पूर्णपणे रद्द व्हावयास २०१७ साल उजाडले.

मुक्कामाच्या जागेचा प्रश्न तिकडे आजही सुटलेला नाही. ५ जुलै २००० च्या कायद्याने पाच हजारांहून अधिक वस्तीच्या गावांवर फिरस्त्यांसाठी जागेची सोय करण्याचे बंधन आले. हौशी प्रवाशांसाठी मात्र पुष्कळ गावांनी आपण होऊन पाणी भरण्याच्या व सांडपाणी सोडण्याच्या जागा बांधल्या आहेत. १९९३ पासून 'फ्रान्स पासिओं' ह्या नावाने एक चांगला उपक्रमही चालू आहे. त्यात द्राक्षमळेवाले आणि शेतकरी अशा मोटारींना आपल्या आवारात एक रात्र फुकट उतरू देतात. पाहुणा बहुधा चार बाटल्या किंवा मध, चीज विकत घेऊन जातो. आपल्याकडे धनगराच्या मेंढ्या शेतात बसवितात, शेताला खत मिळते आणि धनगराला धान्य. त्याच जातीचा हा व्यवहार आहे. पाऊस अवचित आला तर कोणाच्या तरी अंगणाचा आसरा लागतो, आणि अंगण देणाऱ्यालाही त्यातून काही लाभ होतो, ही गोष्ट दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना सारखीच उमगली आहे.

आपल्या राज्यातही आता हे वारे आले आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मोटार-घरे उभी करण्यासाठी पाणी, वीज व स्वच्छतागृहे असलेल्या जागा व्हाव्यात, असा त्याचा हेतू आहे. ह्यात वावगे काहीच नाही. लोकांनी हिंडावे, खेडी पाहावीत, हे चांगलेच. परंतु ह्याच राज्यात दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातून आणि विदर्भाच्या काही भागांतून ऊसतोडीची कुटुंबे संसार घेऊन निघतात. त्यांत जुन्या तांड्यांची लेकरेही पुष्कळ. फडाच्या कडेला कोपी घालून पाच-सहा महिने ती राहतात, आणि पावसाच्या तोंडी परततात. पावसाच्या आधी घरी यावयाचे, हा तांड्याचा जुना नेम त्यांच्याकडून अजून पाळला जातो. मात्र मध्येच अवकाळी पाऊस झाला, कोपी भिजली, पोर आजारी पडले, तर त्यांच्या मुक्कामाची सोय पाहणारे धोरण पर्यटकांच्या धोरणाइतके तत्पर आहे काय, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

ह्या इतिहासाचा आम्हाला जाणवणारा अर्थ थोडक्यात असा. घर घेऊन फिरणे ही स्वतंत्र वृत्तीची खूण आहे असे लोक म्हणतात, आणि ते काही अंशी खरे आहे. परंतु आभाळ फिरले की राजाला, रत्नांच्या व्यापाऱ्याला आणि गोणी वाहणाऱ्याला थांबावेच लागते. थांबावयास जागा लागते, आणि ती जागा दुसऱ्याच्या मालकीची असते. ती कोणी कोणाला दिली, कोणाला नाकारली आणि कोणाकडून तिच्याबद्दल काय घेतले, हे पाहिले म्हणजे त्या त्या काळच्या समाजाची परीक्षा होते. बादशहाने गरजेपोटी दिली, इंग्रजाने गरज संपताच हजेरी लावून काढून घेतली, आणि फ्रेंच प्रजासत्ताकाने एकाच रस्त्यावर एकाला दिली व दुसऱ्याला नाकारली.

आपल्या भागात तांडा आता स्थिरावला आहे. गावोगावच्या वस्त्यांनी ते नाव मात्र टाकलेले नाही. पुसद तालुक्यातील गहुली ह्या अशाच एका गावी १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत ह्या राज्याचे मुख्यमंत्री होते. येथून जवळच, मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, आणि २०२४ साली तेथे बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालयही उघडले. रामनवमीच्या यात्रेला देशाच्या अनेक प्रांतांतून लोक तेथे येतात, आणि त्यांच्या गाड्या आपल्या भागातील रस्त्यांवरून जातात. ऐन चैत्रात एखादी वळवाची सर येते आणि त्यांतले काही रस्त्याच्या कडेला थांबतात. त्या वेळी ज्याच्या ओसरीवर जागा असेल त्याने ती द्यावी. त्यांच्या पूर्वजांनी आपल्या पूर्वजांचे मीठ वाहिले आहे.